कंपनी, आयटीआय आणि मोबाइल: तालुक्यात ट्रेनिंगची भागीदारी कशी सुरू करायची

संभाजीनगरजवळच्या वाळूजला कंपनीच्या गेटवर 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे'चा, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मशीन चालवणारा पाहिजे असा, बोर्ड वर्षभर लटकलेला असतो आणि तिथनं शंभर-दीडशे किलोमीटरवर गेवराई, माजलगावकडं आयटीआय, डिप्लोमा झालेली पोरं पोलीस भरतीची तारीख कधी निघते याची वाट बघत बसलेली असतात. मध्ये योजना आहेत, पोर्टल आहेत, सेंटर आहेत, सगळं आहे, पण कंपनी, ट्रेनिंगच्या संस्था आणि पोरं हे तिघं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलणं घडवून आणायचं काम कुणाचंच नसतं, म्हणून ते होत नाही.

हे काम पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तुम्ही आयटीआयमध्ये नवीन लागलेले सर असाल, पंधरा-वीस माणसांचा छोटा कारखाना चालवत असाल, शेतकरी कंपनीचे संचालक असाल, बचत गटांच्या प्रभाग संघात असाल किंवा गावातल्या मंडळाची पोरं असाल, सुरुवात साधारण सारखीच असते. एक गोष्ट आधीच सांगतो, बहुतेक जण उलट्या बाजूने सुरू करतात. आधी हॉल बघतात, मग कॉम्प्युटर घेतात, मग कोर्स ठरवतात, मग पोरं गोळा करतात आणि सगळ्यात शेवटी विचारतात की आता यांना नोकरी कुठं? तसं करू नका. आधी काम शोधा, कोर्स शेवटी ठरवा.

पायरी १: काम कुठंय ते बघा, आणि सुपरवायझरला विचारा

मराठवाड्याचे आठ जिल्हे म्हणजे आठ वेगवेगळे धंदे आहेत हे डोक्यात ठेवा. छत्रपती संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं ऑटोचे पार्ट, फार्मा, प्लास्टिक मोल्डिंग. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक शहरात टोयोटा किर्लोस्कर आणि एथर एनर्जी या दोघांनी २०२४ मध्ये येणार म्हणून जाहीर केलंय, म्हणजे पुढच्या काही वर्षांत इलेक्ट्रिक गाड्यांचं काम वाढणार. जालन्याला लोखंडाच्या सळया आणि बियाणे कंपन्या, शिवाय रेशीम कोषांचा बाजार. लातूरला डाळमिल, सोयाबीन तेल आणि हरंगुळची रेल्वे कोच फॅक्टरी. हिंगोली-नांदेडकडं हळद, वसमतचा बाजार तर सगळ्यांना माहीत आहे. बीड, धाराशिव, परभणीत साखर कारखाने, जिनिंग आणि शेतमालावर प्रक्रिया. लातूरच्या पोराला वाळूजचा कोर्स देऊन उपयोग नाही असं मी म्हणत नाही, पण मग त्याच्या राहण्याचा खर्च पण त्याच कोर्सचा भाग समजून मोजावा लागतो.

कंपनीत गेलात की एचआरला भेटाच, गेटपास त्यांच्याकडूनच मिळतो, पण खरी माहिती लाइनवरच्या सुपरवायझरकडे असते. एचआर सांगतील "स्किल्ड मॅनपॉवर पाहिजे". सुपरवायझर सांगेल, "पोरगं मशीन चालवतंय हो, पण जॉब (मशीनवर केलेला पार्ट) मोजायला येत नाही, ड्रॉइंग वाचता येत नाही, अन् अलार्म आला की मला हाक मारतंय." या एका वाक्यात अख्खा सिलॅबस आला.

त्याला विचारायचे प्रश्न मी सांगतो. नवीन पोरगं पहिल्या महिन्यात नेमकं कुठं अडतं? कोणत्या चुकीमुळे सगळ्यात जास्त माल रिजेक्ट होतो? सोडून जाणारे साधारण कधी सोडतात आणि काय कारण देतात? वर्षात कोणत्या महिन्यात माणसं जास्त लागतात? आणि भरती ऑन रोल, म्हणजे थेट कंपनीच्या हजेरीवर, होते का ठेकेदारामार्फत? शेवटचा प्रश्न अवघड वाटतो पण विचाराच, कारण पोरांचे आईबाप तुम्हाला हाच विचारणार आहेत.

चार-पाच ठिकाणी फिरलात की तीच तीच दोन-तीन कामं कानावर पडतात. त्यातलं एक निवडा. एकच.

आणि काम म्हणजे फक्त एमआयडीसी नाही. गावोगाव शेतात सौर पंप बसलेत, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून अजून बसतायत, आणि कंट्रोलर बिघडला की शेतकऱ्याला कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते, ऐन पाण्याच्या पाळीला. प्रत्येक महसूल मंडळात दोन पोरं अशी तयार झाली की ज्यांना पॅनलचं व्होल्टेज मोजता येतं, कनेक्टर तपासता येतो, कंट्रोलरवरचा कोड वाचून फोनवर नीट तक्रार देता येते, तर तेवढ्यावर घर चालू शकतं. यासाठी केंद्राचा 'सूर्यमित्र' नावाचा कोर्स आहे, तो चौकशी करून बघा.

पायरी २: जवळ काय काय आहे त्याची यादी करा

नवीन बिल्डिंग बांधायच्या आधी ही यादी करा. जवळपास प्रत्येक तालुक्यात सरकारी आयटीआय आहे. संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, जर्मनीच्या मदतीने उभं राहिलेलं, सीएनसी, टूल अँड डाय, कॅड-कॅमसाठी अख्ख्या मराठवाड्यात त्याच्या तोडीचं दुसरं दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरसाठी तिथंच नायलिट ही केंद्र सरकारची संस्था आहे. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, १९७२ पासूनचं, आणि जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं. बँकांच्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आहेत, तिथं ट्रेनिंग, जेवण, राहणं सगळं फुकट, आणि नंतर कर्जासाठी पाठपुरावा पण करतात, पण त्यांचा भर स्वतःच्या धंद्यावर आहे, नोकरीवर नाही, हे लक्षात घेऊन पोरं पाठवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, त्यातलं तुमच्या जवळ कुठलं आहे आणि आज चालू आहे का ते प्रत्यक्ष जाऊन बघा, फोनवर विचारून भागत नाही.

उद्योगांच्या बाजूने सीएमआयए आणि मसिआ या दोन संघटना आहेत. छोट्या कारखानदाराला स्वतः आयटीआयपर्यंत जायला वेळ नसतो, संघटनेमार्फत पाच-सहा कारखाने एकत्र आले तर एक बॅच सहज भरते. एकट्या कारखान्याला दोनच पोरं लागतात, दोन पोरांसाठी कुणी बॅच काढत नाही, इथंच गाडी अडते. म्हणून छोट्यांचा गट करणं हे माझ्या मते या सगळ्या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगाचं काम आहे.

पायरी ३: करार साधा करा, पण लेखी करा

हार-शाल, फोटो, एमओयू (सामंजस्य करार) आणि पेपरात बातमी, पुढं काहीच नाही, असे एमओयू प्रत्येक कॉलेजच्या कपाटात पडलेत. तुमचा करार दोन पानांचा असला तरी चालेल पण त्यात या गोष्टी पाहिजेत: आठवड्यातले कोणते वार पोरं कंपनीत आणि कोणते वर्गात, कोणतं मशीन, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, स्टायपेंड (विद्यावेतन) किती आणि कोणत्या तारखेला, जाण्यायेण्याचं आणि दुपारच्या जेवणाचं कोण बघणार, शेवटी परीक्षा कोण घेणार, आणि पास झालेल्यांपैकी किमान किती जणांची मुलाखत कंपनी नक्की घेणार. नोकरीची हमी मागू नका, कुणी देणार नाही आणि दिली तरी कागदावरच राहील. मुलाखतीची हमी मागा.

अजून एक. करारावर दोन्हीकडून दोन-दोन नावं आणि फोन नंबर टाका. कंपनीत एचआर बदलतात, आयटीआयमध्ये बदल्या होतात, आणि एकाच माणसावर उभं असलेलं काम त्या माणसाबरोबर जातं.

आयटीआयला 'ड्युअल सिस्टिम ऑफ ट्रेनिंग' नावाची सोय आधीपासून आहे, म्हणजे कोर्सचा काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात. प्राचार्यांना भेटून विचारा की आपल्याकडं कोणत्या ट्रेडला हे लावता येईल. नियमात आधीच बसतंय म्हटल्यावर फाइल लवकर हलते.

पायरी ४: अ‍ॅप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) नीट समजून घ्या

इथं थोडं थांबून वाचा, कारण पैशाचा आणि कायद्याचा भाग इथं आहे. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांनुसार ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ माणसांच्या छोट्या आस्थापनेला ऐच्छिक आहे. म्हणजे वीस माणसांचं वर्कशॉप चालवणारे दादा सुद्धा घेऊ शकतात, हे त्यांना बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं.

राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप योजनेत किमान स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये सरकार देतं, आणि आता ते थेट पोराच्या खात्यात जमा होतात. किमान स्टायपेंड शिक्षणावर ठरतो, २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला तो महिना ७,००० होता. चालू आकडा करार करायच्या दिवशी अ‍ॅप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर बघूनच लिहा.

मालकाला सांगायच्या गोष्टी: अ‍ॅप्रेंटिसला पीएफ-ईएसआय लागू होत नाही, पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच. ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही. आणि परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. हे शेवटचं पोरांना पण सांगा, कारण काही ठिकाणी अ‍ॅप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर समजून झाडू मारायला आणि माल चढवायला लावतात, वर्षभर मशीनला हात लागत नाही. असं दिसलं तर तिथं पुढची बॅच पाठवू नका, कितीही मोठी कंपनी असो.

प्रत्यक्ष काम असं होतं: कंपनी पोर्टलवर आस्थापना म्हणून नोंदणी करते, जागा टाकते, पोरगं स्वतःची नोंदणी करतं, दोघांचा करार पोर्टलवर तयार होतो आणि मंजूर होतो. अडचण आली तर जिल्ह्याच्या आयटीआयच्या आवारात बहुतेक करून बीटीआरआयचं, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिपचं काम बघणारं, ऑफिस असतं, तिथले लोक रोज हेच करतात, त्यांच्याकडं जा.

आता कागदांचं. मुलाच्या आधारवर वडिलांचं नाव एक, दहावीच्या सनदेवर स्पेलिंग वेगळं, बँकेत आडनाव आधी आणि नाव नंतर. यात करार अडकतात, पैसे परत जातात. म्हणून बॅच सुरू व्हायच्या महिनाभर आधी एक दिवस फक्त कागदांसाठी ठेवा. गावातल्या महा ई-सेवा केंद्रवाल्या ताईला किंवा दादाला त्या दिवशी बोलवा, प्रत्येकाचं आधार, सनद, पासबुक समोरासमोर ठेवून जुळवा, मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का बघा, खातं आधारला सीड आहे का, म्हणजे सरकारी पैसे त्यात जमा व्हायला जोडलेलं आहे का, ते बँकेत विचारून घ्या. कंटाळवाणं काम आहे पण बॅच वाचते.

पायरी ५: टेक्नॉलॉजी कुठं वापरायची

माझं म्हणणं सरळ आहे. मशीन महाग, मशीनचा वेळ त्याहून महाग, कारण त्या वेळेत कंपनीचं प्रॉडक्शन निघत असतं. जे मशीनशिवाय शिकता येतं ते सगळं मोबाइलवर आणि वर्गात उरकायचं, म्हणजे मशीनवर मिळालेला एक तास खरंच हातात येतो.

थिअरीसाठी केंद्राचं भारतस्किल्स आहे, आयटीआय ट्रेडची प्रश्नपेढी, व्हिडिओ, सगळं फुकट. स्किल इंडिया डिजिटल हब २०२३ पासून आहे, तिथं कोर्स, सर्टिफिकेट एका जागी दिसतात. राज्याचं महास्वयम नोकरीच्या नोंदणीसाठी. पण पोरांना नुसती लिंक पाठवून कुणी बघत नाही हे मान्य करा. सरांनी आठवड्याचा एक विषय ठरवायचा, दोन व्हिडिओ निवडायचे, दहा प्रश्न काढायचे आणि सोमवारी वर्गात त्यावरच बोलायचं.

सगळ्यात भारी चालतात ते कंपनीतल्याच कारागिराने मराठीत बोललेले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ. समजा व्हर्नियर कॅलिपर, पार्टचं बारीक माप घ्यायचं साधन. इंग्रजी व्हिडिओत लीस्ट काउंटचं सूत्र सांगतात आणि पोरगं तिथंच गळतं. आपला जुना ऑपरेटर जॉब हातात धरून सांगतो, "हे बघ, मेन स्केलवर झिरो चोवीसच्या पुढं गेला, म्हणजे चोवीस पक्के. आता खालच्या रेघा बघ, कोणती रेघ वरच्या रेघेला बरोबर जुळली? अठरावी. एक रेघ म्हणजे दोन शतांश, अठरा दुणे छत्तीस. झालं, २४.३६." हे एकदा ऐकलेलं विसरत नाही. कंपनीची परवानगी घ्या, ड्रॉइंग, पार्ट नंबर फ्रेममध्ये येऊ देऊ नका, बाकी साधा फोन पुरे.

तसंच अलार्मचं. सीएनसीच्या पॅनलवर सगळं इंग्रजीत येतं, लुब्रिकेशन लो, एअर प्रेशर लो, डोअर ओपन. नेहमी येणारे पंधरा-वीस अलार्म, त्याचा मराठीत अर्थ, आधी काय तपासायचं आणि कोणत्या अलार्मला हात न लावता सुपरवायझरलाच बोलवायचं, असा एक कागद करून लॅमिनेट करा आणि वर्गात, मशीनजवळ लावा. सुपरवायझर याच कामावर सगळ्यात खूश होतात.

सीएनसी मशीनला सूचना द्यायचे जी कोड, एम कोड शिकवायला कॉम्प्युटरवर चालणारे सिम्युलेटर आहेत. चूक झाली तर स्क्रीनवर टूल धडकतं, खरा स्पिंडल वाचतो. एका कॉम्प्युटरवर दोघं बसवा, एकाने प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्याने चूक शोधायची. वेल्डिंगचे डोळ्याला लावायचे सिम्युलेटर पण निघालेत, पण ते महाग आहेत, एका तालुक्याने घेण्यापेक्षा तीन-चार संस्थांनी मिळून फिरते ठेवलेले बरे.

दोन सूचना. गावाकडं लाइट जाते, नेटवर्क जातं, म्हणून व्हिडिओ डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर पण ठेवा. आणि मुलींच्या बाबतीत फोन बऱ्याचदा घरातल्या भावाचा किंवा वडिलांचा असतो, ग्रुपवर रात्री टाकलेला निरोप तिच्यापर्यंत पोचतच नाही. महत्त्वाचा निरोप वर्गात सांगा, नाहीतर सरळ घरी फोन करा.

पायरी ६: बॅच कधी सुरू करायची

बीड, धाराशिवकडच्या ऊसतोडीच्या घरांतली पोरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलकडं परत येतात. नोव्हेंबरला सुरू केलेल्या बॅचमध्ये ही पोरं येऊच शकत नाहीत, आणि मग आपणच म्हणतो की यांना शिकायचं नाही. एप्रिलच्या मध्याला सुरू करा, पेरणीच्या आत पहिला टप्पा उरका, जूनमध्ये पेरणीला आठवडाभर सुट्टी द्या आणि दिवाळीच्या आधी पोरगं कंपनीत लागलेलं असू द्या. ते एकदा पगारावर बसलं की कोयत्याची उचल (ऊसतोडीचे आगाऊ पैसे) घ्यायची का नाही यावर घरात वेगळं बोलणं होतं.

पायरी ७: पहिला महिना

कोर्स पास झाला, ऑफर आली, पोरगं वाळूजला गेलं आणि पंधरा दिवसांत परत आलं. हे सगळीकडं होतं. कारण पगार महिना भरल्यावर होतो आणि तिथल्या बजाजनगर, रांजणगावला खोलीवाला भाडं आणि डिपॉझिट आधी मागतो, मेसवाला पण आधीच घेतो. घरून पैसे मागायची लाज वाटते. ट्रेनिंग वाया गेलं असं सगळे म्हणतात, पण अडलेलं असतं चार-पाच हजारांवर.

यावर उपाय आहेत. कंपनीला पहिल्या पगारातून थोडी उचल द्यायला सांगा. गावातल्या तीन-चार जणांना एकाच कंपनीत किंवा शेजारी लावा म्हणजे खोली वाटून घेता येते. आधी गेलेल्या एका पोराचा नंबर नव्याला द्या, त्याला सांगा की पहिले आठ दिवस याला शिफ्टला बरोबर ने. बचत गट किंवा ग्रामपंचायतीला जमत असेल तर छोटा फिरता निधी करा, पोराने तीन पगारांत परत करायचा.

मुलींसाठी खोली आणि बसचं आधी ठरवा, मग आईवडिलांशी बोला. आईवडिलांना एकदा कंपनीत घेऊन जा, कॅन्टीन, शौचालय, बस कुठं थांबते, लेडीज सुपरवायझर कोण, सगळं दाखवा. घरी बसून कितीही समजावलं तरी जे होत नाही ते या एका फेरीने होतं.

पायरी ८: नोंद ठेवा, पण कामाची

सर्टिफिकेट किती वाटली हा आकडा कुणालाही देता येतो. तुम्ही एक साधी गुगल शीट करा: नाव, गाव, कोणती कंपनी, रुजू झाल्याची तारीख, हातात पगार किती येतो, तीन महिन्यांनी कुठंय, सहा महिन्यांनी कुठंय, सोडलं तर का. 'का'चा रकाना रिकामा सोडू नका. चार जणांनी "शिफ्टची बस चुकते" लिहिलं तर कोर्स बदलायची गरज नाही, कंपनीला बसची वेळ बदलायला सांगा. चार जणांनी "रोज ओरडा खातो, मोजमाप चुकतंय" लिहिलं तर वर्गात व्हर्नियर, मायक्रोमीटरचे तास वाढवा. शीटमध्ये आधार नंबर, खातं नंबर टाकू नका, आणि लिंक ग्रुपवर फिरवू नका.

मध्येच एक धोका सांगून ठेवतो. ट्रेनिंगनंतर 'फिक्स नोकरी' म्हणून पोरांकडून आधी पैसे मागणारे एजंट प्रत्येक तालुक्यात आहेत. पहिल्याच पालक बैठकीत सांगा की अ‍ॅप्रेंटिसच्या जागेसाठी कुणालाही एक रुपया द्यायचा नसतो, उलट स्टायपेंड मिळतो, आणि कुणी मागितले तर आधी आयटीआयमध्ये येऊन विचारा.

पायरी ९: दुसरी बॅच

पहिली बॅच लागून सहा महिने होऊ द्या, मगच दुसरी कंपनी किंवा दुसरा ट्रेड घ्या. दुसऱ्या बॅचच्या पहिल्या दिवशी भाषणाला पाहुणा बोलवण्यापेक्षा पहिल्या बॅचमधल्या दोघांना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बोलवा, येण्याजाण्याचं भाडं द्या, आणि त्यांनाच सांगू द्या की कंपनीत पहिल्या दिवशी काय झालं, पगारातनं काय काय कापलं जातं, रात्रपाळीला झोप कशी सांभाळायची. जमलं तर त्यांच्या सुपरवायझरला पण आणा आणि सिलॅबसचा कागद त्याच्या पुढं ठेवून विचारा की यातलं काय काढू आणि काय टाकू. तो जे खोडेल ते खरंच काढून टाका, आणि नवीन कागदाची एक प्रत कंपनीत, एक आयटीआयमध्ये आणि एक तुमच्याकडं ठेवा.